तेव्हाचे प्रेक्षक गप्प नव्हते, पण नाटकात होते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की वडील हल्ली नाटकाला गेले की चिडूनच घरी येतात, फोन वाजतात, लोक पहिला प्रवेश संपेपर्यंत आत येत राहतात, मागचे दोघं सतत बोलत असतात, आणि त्यांचं म्हणणं की आमच्या वेळचे प्रेक्षक शिस्तीत बसायचे, आता चार माणसांत कसं वागायचं याची रीतच राहिली नाही. हे खरंय का, आणि खरं असेल तर कशामुळे झालं.

मी ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून मराठी नाटकांचं साऊंड ऑपरेटिंग करतोय. स्पूलवर शिकलो, मग कॅसेट आली, मग एमडी म्हणजे मिनीडिस्क, आता लॅपटॉप. या कामात स्टेजकडे जितकं लक्ष लागतं तितकंच हॉलकडे लागतं, कारण म्युझिकची आणि माइकची लेव्हल कागदावर ठरत नाही, समोर आत्ता किती खुसफुस आहे, पंखे किती आवाज करतायत, पाऊस पत्र्यावर पडतोय का, यावर ठरते. प्रेक्षकांकडे मी बघत कमी आणि ऐकत जास्त आलोय, तेव्हा जे सांगतोय ते बहुतेक कानाने गोळा केलेलं आहे.

फोनबद्दल तुमचे बाबा अगदी बरोबर आहेत, त्यांच्या रागातला एक कणही मी कमी करणार नाही. पण "पूर्वी शिस्त होती" हे मला पटत नाही. पूर्वी शिस्त नव्हती हो. पूर्वी लक्ष होतं. या दोन गोष्टींची आपण फार गल्लत करतो आणि मग उपायही चुकीचे शोधतो.

मराठी प्रेक्षक मुळात गप्प बसणारा प्रेक्षक कधीच नव्हता. किर्लोस्करांचं शाकुंतल 1880 ला आलं, तिथून पुढची संगीत नाटकं रात्र रात्र चालायची, पाच पाच अंक, आणि आवडलं पद की वन्स मोर, परत वन्स मोर, परत. म्हणजे नाटकाचा प्रसंग तिथल्या तिथे थांबवून लोक गाणं पुन्हा म्हणायला लावायचे. आज कुणी असं केलं तर आपण त्याला अडाणी म्हणू. पण त्या ओरडण्याचा अर्थ काय होता, की हजार माणसांनी गाण्यातली ती हरकत ऐकली, ती नेमकी कुठे घेतली ते त्यांना कळलं आणि त्यांना ती परत हवीय. लक्ष नसलेला माणूस वन्स मोर मागू शकत नाही.

माझ्या स्वतःच्या कानावर पडलेलं सांगतो. परळच्या दामोदर हॉलला मी सुरुवातीला बऱ्याच वेळा असायचो. 1982 च्या संपानंतरची वर्षं, गिरण्या बंद पडत चाललेल्या, पण लालबाग परळचा तो प्रेक्षक अजून होता, कोकणातली मंडळी, कामगार, त्यांची कुटुंबं. हॉलमधे पोरं रडायची, कुणीतरी कुणालातरी लांबून हाक मारायचं, विनोद झाला की हसणं थांबायचंच नाही, खलनायक आला की शिव्या सुद्धा यायच्या. आणि तरीही एखादं पात्र हळू आवाजात काही महत्त्वाचं बोलणार असेल ना, तर त्याच्या आधी अर्धा सेकंद सगळा हॉल गप्प. वाक्य यायच्या आधी! त्यांना नटाच्या थांबण्यावरून, मान वळवण्यावरून कळायचं की आता काहीतरी येतंय. त्या अर्ध्या सेकंदावर आम्ही कामं शिकलो. म्युझिकचा क्यू कधी द्यायचा हे मला दिग्दर्शकाइतकंच त्या प्रेक्षकांनी शिकवलंय.

झाडीपट्टीत आजही हे बघायला मिळतं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा हा पट्टा, देसाईगंज म्हणजे वडसा तिथलं मुख्य केंद्र, भाताचं पीक घरात आलं की नाटकांचा सीझन सुरू होतो आणि रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. उघड्या जागेत मंडप, थंडी, पोरं मांडीवर झोपलेली, शेंगदाण्यांची टरफलं, लोक उठतात चहा पिऊन परत येतात. पुण्यामुंबईच्या माणसाला वाटेल काय हा गोंधळ. पण नाटक कुठे पोचलंय हे तिथल्या कुठल्याही माणसाला विचारा, सांगेल. कोकणात आणि गोव्यात देवळासमोर दशावतार होतो तिथेही तसंच.

हे सगळं नॉस्टॅल्जियासाठी सांगत नाहीये. सांगायचं एवढंच की तेव्हाचा आवाज हा नाटकाच्या दिशेने यायचा, आणि आजची शांतता बऱ्याच वेळा नाटकाच्या बाहेर गेलेली असते. आज हॉल जास्त गप्प आहे हे मी खात्रीने सांगतो, लेव्हल पूर्वीपेक्षा खाली ठेवून चालतं मला. पण गप्प का आहे तर आठव्या रांगेतल्या माणसाची मान खाली आहे. बोलणाऱ्या प्रेक्षकाला नट खेचून आणू शकतो, तो निदान इथे आहे. मान खाली घातलेल्याचं काय करणार? नटांशी बोला, ते हेच सांगतील, शेरेबाजी चालेल पण ते निळसर उजळलेले चेहरे नकोत. स्टेजवरून ते फार स्पष्ट दिसतात, हॉल काळोखा असल्यामुळे जास्तच, बघणाऱ्याला वाटतं आपण मांडीवर लपवून बघतोय.

फोन कसे शिरले ते मी पहिल्यापासून ऐकलंय. भारतात मोबाईल 1995 ला सुरू झाला आणि तेव्हा आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे, त्यामुळे फोन मोजक्या लोकांकडे, आणि नाटकात तो वाजला तर पुढच्या महागड्या रांगांतूनच वाजायचा. वाजला की तो माणूस खजील व्हायचा, कधी कधी अभिमानानेही उचलायचा हे खरंय. 2003 ला इनकमिंग फुकट झालं आणि दोनतीन वर्षांत फोन बाल्कनीत पोचला. आमच्यासाठी ते दिवस भयंकर होते कारण फोन सायलेंटवर असला तरी स्पीकरमधून कळायचा. स्टेजवर वर टांगलेले आणि फूटलाईटपाशी ठेवलेले माइक, त्यांच्या लांबच लांब वायरी, आणि टूजीचा फोन सिग्नलशी बोलायला लागला की त्या वायरी ते पकडायच्या, टिर्र टिर्र टिर्र असा आवाज मुख्य स्पीकरमधून. रिंग वाजायच्या सेकंदभर आधी मला कळायचं की आता कुणाचातरी फोन येणार, आणि ज्याचा येणार त्याला अजून पत्ता नसायचा! पुढे नेटवर्क बदलली, केबल सुधारल्या, ती टिरटिर आता जवळजवळ गेली. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला आणि प्रश्नाची जातच बदलली, फोन वाजायचा कमी झाला आणि बघायचा वाढला. कानाचा त्रास होता तो डोळ्यांचा झाला. आता तर व्हिडिओ काढतात, पूर्ण प्रवेशच्या प्रवेश, आणि समजावलं तर म्हणतात अहो प्रसिद्धीच होते ना तुमची. नाही होत. लेखकाचं वाक्य आणि नटाची मेहनत परवानगीशिवाय उचलून नेणं आहे ते, आणि मागच्या चार रांगांना स्टेजऐवजी तुमची स्क्रीन दिसते ते वेगळंच.

नटांनीही याबद्दल उघड बोलून दाखवलंय. 2019 मधे सुमीत राघवन यांनी नाशिकला प्रयोग मधेच थांबवला होता, आणि त्याच वर्षी सुबोध भावे यांनी जाहीर लिहिलं होतं की हे असंच चालणार असेल तर नाटकात काम करणं बंद करीन. तेव्हा थिएटरात फोनचा सिग्नल अडवणारे जॅमर बसवा अशी मागणी जोरात आली. माझा जॅमरला विरोध आहे. एक तर सरकारी परवानगीशिवाय जॅमर लावणं आपल्याकडे बेकायदा आहे, आणि दुसरं म्हणजे हॉलमधे एखाद्याला छातीत दुखायला लागलं तर अँब्युलन्सला फोन लागायला नको का.

आता बाबांना कदाचित आवडणार नाही असं एक सांगतो. फोन वाजण्याचा दोष सगळेच तरुणांवर टाकतात, पण मी जे ऐकत आलोय त्यात वाजणारे फोन जास्त करून ज्येष्ठांचे असतात. पर्सच्या तळाशी, पिशवीत रुमालात गुंडाळलेला, रिंगटोन फुल्ल, आणि बंद कुठून करायचा ते ऐनवेळी सापडत नाही, मग सगळ्यात मोठा गोंधळ होतो. मुद्दाम कुणी करत नाही. मुलांनी घ्यायला येणार म्हणून हातात फोन दिलेला असतो पण तो सायलेंट कसा करायचा हे शांतपणे बसून शिकवलेलं नसतं. तरुणांचा फोन वाजत नाही, ते तो बघतात. दोन्ही वाईट, पण दोन्हीचं कारण वेगळं आहे.

आणि तरुणांना लक्ष देताच येत नाही असं कुणाला वाटत असेल त्याने एकदा पुण्यात भरत नाट्य मंदिरला पुरुषोत्तम करंडकाला जाऊन यावं. 1963 पासून चालू आहे ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा. एकांकिकेआधी "अरे आव्वाज कुणाचा" ने छप्पर उडायची वेळ येते, कॉलेजं एकमेकांवर तुटून पडतात, मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं यातून नाटक ऐकू कसं येणार. आणि पडदा उघडला की जी शांतता होते तशी मला व्यावसायिक नाटकाला क्वचित मिळते. त्या प्रत्येक पोराच्या खिशात फोन असतो. तरी बघत नाही कुणी, कारण समोर आपल्याच वयाची मुलं काय करतायत याची त्यांना खरी ओढ असते, आपलं नाटक यापेक्षा बरं की वाईट हे त्यांना ठरवायचं असतं, सेट कसा लावला, लाईट कुठून मारला, सगळं ते बघत असतात. म्हणजे बघायची क्षमता गेलेली नाही. तुमचा मुलगा घरी पाच मिनिटं एका जागी बसत नसेल तर त्याला तिथे न्या आणि त्याच्याकडे बघा.

मग बदललं काय? माझ्या मते सगळ्यात मोठा बदल संध्याकाळचा आहे. पूर्वी नाटकाला जायचं म्हणजे आठवडाभर आधी पेपरात जाहिरात बघून, बुकिंग खिडकीवर जाऊन, प्लॅनवर बोट ठेवून खुर्ची निवडून, त्या दिवशी घरचं काम लवकर उरकून जायचं. माणूस आत येऊन बसायचा तोपर्यंत अर्धा नाटकात शिरलेला असायचा. शिवाजी मंदिरला तर पहिल्या घंटेच्या कितीतरी आधीपासून लोक जिन्यावर, वड्याच्या वासात, कुणाचं काम कसं आहे यावर वाद घालत उभे असायचे. आता तिकीट फोनवर निघतं, सोय चांगलीच आहे, पण माणूस ऑफिसातून थेट निघून दीड तास ट्रॅफिकमधे अडकून, पार्किंग शोधून, घामाघूम होऊन तिसऱ्या घंटेला आत पोचतो आणि त्याच्या डोक्यात अजून बॉसचा मेसेज असतो. त्याचं शरीर आत आलंय, तो यायचाय. अशा माणसाला मी उद्धट म्हणू शकत नाही. मुंबईत ठाण्यात उपनगरात अंतरं वाढली, कामाची वेळ संपेनाशी झाली, त्याचा हिशोब आपण प्रेक्षकाच्या स्वभावावर मांडतो हे मला अन्यायाचं वाटतं.

दुसरं कारण म्हणजे नाटकात बसलेल्याला बाहेरून कुणी गाठू शकतच नव्हतं तेव्हा. डॉक्टर असले तर दवाखान्यात सांगून यायचे की अमुक थिएटर, अमुक नंबरची खुर्ची, आणि तसंच काही झालं तर डोअरकीपर टॉर्च घेऊन वाकून त्या रांगेत यायचा, चिठ्ठी द्यायचा, ते उठून जायचे, शेजारच्या चौघांशिवाय कुणाला कळायचंही नाही. बाकी सगळ्या जगाला नाटक संपेपर्यंत थांबावंच लागायचं. आज थांबणं हे ज्याच्या त्याच्या मनावर सोडलंय, आणि घरी आजारी आई असेल, लहान मूल शेजाऱ्यांकडे ठेवलेलं असेल, तर दोन तास फोन बंद ठेवणं तितकं सोपं नाही. हे मी समजू शकतो. रील बघणं नाही समजू शकत.

तिसरं कारण आमच्याच धंद्यातलं, आणि त्यावर फार कमी बोललं जातं. आवाज. लोक बोलायला लागले की निर्मात्यांचा निरोप येतो, साऊंड वाढवा. लग्नाचे हॉल, मल्टिप्लेक्स, मिरवणुका, सगळीकडे सगळं मोठ्याने ऐकायची सवय झालीय म्हणून नाटकही मोठं हवं. पण नाटकात होतं उलटं. आवाज वाढला की माणूस मागे टेकतो, त्याला कष्ट न घेता ऐकू येतं, आणि वरून शेजाऱ्याशी बोललं तरी काही बुडत नाही असं त्याला वाटतं. आवाज किंचित कमी केला की तो पुढे सरकतो. मी खुसफुस वाढली की फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची पट्टी, थोडा खाली आणतो, एकदम नाही, कळणार नाही असा, आणि मिनिटाभरात हॉल ऐकायला लागतो, शेजारीच शेजाऱ्याला गप्प करतो. नवीन मुलं माझ्या हाताखाली येतात त्यांना हे पटायला वेळ लागतो. सत्तरच्या दशकात दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमधे प्रायोगिक नाटकं व्हायची, तिथे काम केलेले जुने लोक सांगतात की बाहेर दादरचा सगळा गोंगाट, लग्नाचे बँड, आणि आत नटाचा उघडा आवाज, माइक नाही काही नाही, आणि लोक श्वास रोखून ऐकायचे. ऐकायला कष्ट पडायचे म्हणूनच ऐकायचे असं मला वाटतं.

थिएटरांची अवस्था पण बघा. एसी बंद, खुर्चीचा स्प्रिंग वर आलेला, बाथरूममधे पाऊल ठेववत नाही, काही ठिकाणी रडणाऱ्या मुलांसाठी मागे काचेची खोली केलेली असते आणि तिथे मोडक्या खुर्च्या भरून ठेवलेल्या. मग तान्हं बाळ घेऊन आलेल्या आईने जायचं कुठे? तिने नाटकाला येऊच नये असं म्हणणारे भेटतात, मला तो विचार अजिबात मान्य नाही. जागेने आपला मान ठेवला की माणूस जागेचा मान ठेवतो, नवीन दुरुस्त होऊन उघडलेल्या थिएटरात पहिले काही महिने लोक किती नीट वागतात ते कुठल्याही डोअरकीपरला विचारा.

सुधारलेल्या गोष्टीही आहेत हे बाबांना सांगा. पॅसेजमधला सिगरेटचा धूर गेला, पुढच्या अंकात सुद्धा आत त्याचा वास यायचा तेव्हा. नटीच्या एन्ट्रीला ज्या शिट्ट्या आणि कॉमेंट यायच्या त्या जवळपास बंद झाल्या, जुन्या अभिनेत्रींना विचारा दौऱ्यावर त्यांनी काय काय ऐकून घेतलंय. पात्र तोतरं असलं किंवा बायकी चालणारं असलं की पूर्वी नुसत्या दिसण्यावर हशा यायचा, आता तो कमी झालाय, लोक आधी ऐकतात. ही छोटी गोष्ट नाही. चार माणसांत वागायची रीत म्हणजे नुसतं गप्प बसणं नाही ना, समोरच्याला माणूस म्हणून वागवणं पण त्यातच येतं.

आता उपाय काय, तर आम्ही जे करून बघितलंय त्यातलं जे चाललं तेवढं सांगतो. "प्रेक्षकांना नम्र विनंती आपले भ्रमणध्वनी बंद ठेवावेत" ही रेकॉर्ड केलेली घोषणा कुणी ऐकत नाही, ती लागते आणि लगेच काळोख होतो, मग बंद करायचा कधी? घोषणा हॉलचे दिवे चालू असताना द्यायची, नाटकातल्याच नटाच्या आवाजात, "आत्ता फोन हातात घ्या" असं सरळ सांगायचं आणि पुढे वीसेक सेकंद काहीही करायचं नाही, नुसतं थांबायचं. लोक एकमेकांकडे बघतात आणि काढतात फोन बाहेर. फरक पडतो, मी ऐकलाय.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हीच घोषणा मध्यंतरानंतर परत द्यायची. बहुतेक निर्माते देत नाहीत, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फोन दुसऱ्या अंकात वाजतात, कारण पहिल्या अंकाला इमानदारीत बंद केलेला फोन लोक वडा खाताना चालू करतात आणि विसरतात. दुसऱ्या अंकातच नाटकाचा कळस असतो, त्यामुळे नेमका तिथेच घात होतो. बाबांना पुढच्या वेळी नाटकाला घेऊन जाल तेव्हा मध्यंतर संपताना स्वतःचा फोन बघा, त्यांचाही बघा, आणि शेजारी कुणी आजी आजोबा पर्स चाचपताना दिसले तर विचारा "काकू, सायलेंट करून देऊ का". आपणहून विचारलं तर कुणी रागवत नाही, उलट हातात फोन देतात. आणि नाटक चालू असताना मागचे बोलत असतील तर वळून शुक शुक करू नका, त्याने दोन रांगा अजून डिस्टर्ब होतात, मध्यंतरात जाऊन शांतपणे बोला किंवा डोअरकीपरला सांगा, आणि तो काहीच करत नसेल तर थिएटरच्या मॅनेजरकडे लेखी द्या, चार जणांनी लेखी दिलं की दाराशी माणूस उभा राहतो.